केमो लागेलच का? उत्तर गाठीतच असतं

सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला स्तनाचा कॅन्सर निघाला की ऑपरेशननंतर घरचे पहिल्यांदा विचारतात, "केमो द्यावीच लागेल का?" मजुरी हजार विड्यांवर मिळते. केमोत हात थांबले की चूल अडते. त्यामुळे हा निर्णय शक्य तितक्या नेमक्या माहितीवर व्हावा, असं मला कळकळीने वाटतं.

शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींत जनुकं सारखीच असतात. कुठलं जनुक किती जोरात काम करतंय, यात मात्र फरक असतो. काम करणारं जनुक आरएनए नावाचा रेणू, म्हणजे जनुकाची नक्कल, तयार करतं आणि तो मोजता येतो. कोविडमुळे ओळखीची झालेली आरटी-पीसीआर इथेही वापरतात. 'ऑन्कोटाइप डीएक्स' ही चाचणी गाठीतली 21 जनुकं पाहते. त्यातली 16 कॅन्सरशी संबंधित, उरलेली 5 तुलनेसाठी. त्यावरून 0 ते 100 मध्ये एक स्कोअर निघतो; तो जितका जास्त, तितका आजार उलटण्याचा धोका जास्त.

या स्कोअरवर 'टेलरएक्स' अभ्यास झाला. त्यात दहा हजारांहून जास्त स्त्रिया होत्या आणि निष्कर्ष 2018 मध्ये आले. काखेतल्या लसिका ग्रंथींत कॅन्सर पोचलेला नाही, वय पन्नाशीपुढे आणि स्कोअर 25 पर्यंत, अशा स्त्रियांना केमोचा वेगळा फायदा दिसला नाही; हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या पुरल्या. पन्नाशीच्या आतल्यांना मात्र 16 ते 25 स्कोअरलाही केमोचा थोडा फायदा दिसला. स्कोअर 26 किंवा जास्त असेल तर सहसा केमो सुचवतात.

पण ही चाचणी सगळ्यांसाठी नाही. आधी ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींवर हार्मोन पकडणारी प्रथिनं आहेत का) आणि हर-2 (पेशींची वाढ भडकवणारं प्रथिन जास्त आहे का) हे रिपोर्ट हवेत. ईआर पॉझिटिव्ह, हर-2 निगेटिव्ह आणि सुरुवातीच्या टप्प्यातला आजार असेल तरच तिचा उपयोग. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हे तिन्ही निगेटिव्ह, असेल तर तिच्यावर पैसे घालवू नयेत. आणि ही बीआरसीए चाचणी नव्हे! ती रक्तातून आनुवंशिक दोष शोधते. लेकीबाळींची काळजी असेल तर त्याबद्दल वेगळं विचारा.

खर्च लाखांच्या घरात जातो, ही खरी अडचण. बंगळुरूत तयार झालेली 'कॅनअसिस्ट ब्रेस्ट' त्यामानाने स्वस्त आहे. ती जनुकांऐवजी 5 प्रथिनं, गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) आणि काखेतल्या ग्रंथींची स्थिती यांवरून धोका सांगते.

दोन्ही चाचण्या गाठीच्या मेणातल्या ब्लॉकवर होतात. काडेपेटीहून लहान असा तो तुकडा पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो. बार्शीला किंवा मुंबईला टाटात दाखवायला निघण्याआधी, रिपोर्टांसोबत तोही मागून घ्या.