पाल्याचा रस आणि जुलाब: नेमकं काय सिद्ध झालंय?

'अमुक पाल्याच्या रसाने जुलाब थांबतात, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. अशा बहुतेक प्रयोगांत उंदरांना आधी अर्क देतात, मग एरंडेल पाजून जुलाब घडवतात आणि पिंजऱ्याखाली अंथरलेल्या कागदावरचे ओले डाग मोजतात. डाग कमी पडले, म्हणजे आतड्याची हालचाल किंवा पाझर मंदावला, एवढंच. रोटाव्हायरस या विषाणूमुळे होणारे जुलाब किंवा कॉलरा बरा झाला असं नव्हे. शिवाय तो अर्क बऱ्याचदा मिथेनॉल या रासायनिक द्रावकात काढून सुकवलेला, वजनावर मोजलेला असतो. घरी वाटलेला रस वेगळाच. जुलाबात जीव जातो तो मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून आधी ओआरएस (मीठ-साखरेचं जलसंजीवनी द्रावण), मुलांना सोबत झिंक. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, तर पाला वाटत बसू नका. तडक दवाखाना गाठा.