बांध कुणी घातला?

गोव्यात जमिनीवरून वाद पेटला की तीन आवाज ऐकू येतात. कूळ म्हणते, कसतो मी. भाटकार, म्हणजे जमीनदार, म्हणतो, कागद माझ्याकडे आहेत. गाव वसवणाऱ्यांचा वंशज गावकार म्हणतो, खाजनाला (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीला) बांध आमच्या पूर्वजांनी घातला, तेव्हा तुम्ही दोघेही कुठे होता? मालकी मुळात कुठून येते, हा तत्त्वज्ञांचा जुना झगडाच इथे कोकणी-मराठीत चालतो.

१५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांच्या चालीरीती लिहून काढल्या. त्या फोरालच्या (चालीरीतींच्या सनदेच्या) आरंभी एक हकीकत येते. पूर्वी चार माणसे ओसाड जागी आली, जमीन लागवडीखाली आणली, वस्ती वाढली; गाव नीट चालवला म्हणून त्यांना गावकार म्हणू लागले. राज्यकर्ते मागाहून आले आणि कर मागू लागले. म्हणजे आधी श्रम, मग मालकी, आणि सत्ता सगळ्यात शेवटी.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने हाच क्रम १६८९मध्ये मांडला. निसर्ग सर्वांचा, पण माणूस त्यात आपले श्रम मिसळतो तेव्हा ती वस्तू त्याची होते. सरकार हा हक्क राखायला असते, द्यायला नव्हे. इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे, अशी अटही त्याने घातली. पण त्याच प्रकरणात तो सहज लिहून जातो की माझ्या नोकराने कापलेली गवताची ढेपही माझीच. आमच्याकडच्या भाटकाराला आणखी काय हवे?

आपल्याकडे मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो की शेत खुंट उपटणाऱ्याचे आणि हरीण बाण मारणाऱ्याचे. वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांपुढे मात्र वेगळाच पेच होता. विश्वजित् यज्ञात सर्वस्व द्यायचे, तर पृथ्वीही द्यावी का? मीमांसासूत्रकार जैमिनीचे उत्तर: नाही, भूमी सर्वांना सारखीच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा या टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर तर स्वत्व, म्हणजे मालकी, शास्त्रातून नव्हे, लोकव्यवहारातून कळते म्हणतो. मालकी माणसांच्या रूढ संकेतांतून येते, या स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमच्या मताशी हे बरेच जुळते. इंग्रज विचारवंत बेंथमने नैसर्गिक हक्कांची थट्टाच केली: कायदा नाही तर मालमत्ताही नाही. भारतीय संविधानात १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांतून गेली आणि कलम ३००अ मध्ये कायदेशीर हक्क म्हणून उरली, तेव्हा बेंथमच जिंकला म्हणायचा.

लॉकचे गणित अडते ते खाजनात. मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, उभे राहून पाहा: भरतीचे पाणी फळ्या दाबून दार बंद करते, ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. हा बांध एकट्याच्या श्रमाने उभाही राहत नाही आणि टिकतही नाही. म्हणून गावकरी (गावकारांची सामुदायिक संस्था) शेते पावणीला, म्हणजे लिलावाला, काढी, उत्पन्नातून बांधाची डागडुजी होई आणि उरलेले झोण (वाटा) म्हणून गावकारांत वाटले जाई. त्यात खोट होती: गावकार जन्माने ठरत, आणि चिखलात राबणारे हात बऱ्याचदा दुसऱ्याचेच असत.

१९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची दुरुस्ती या हातांच्या बाजूने उभी राहिली. कूळ मालक मानले गेले. बांध राखणे कुळांच्या संघांकडे आले. आता मानशीची फळी कुजली की संघाची बैठक बसते, आणि पडीक टाकलेली शेते ज्यांची, ते वर्गणी द्यायला येत नाहीत.