गाडी ऑइल खाते, पण सांगणार कोण?

गॅरेजवाल्यानं "ही ऑइल खातेय" म्हटलं की मालकाचा चेहरा पडतो. आपल्याकडे त्याचा अर्थ ठरलेला आहे: सायलेन्सरमधून निळा धूर, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागणार. वेगासाठी बांधलेल्या गाड्यांच्या माहितीपुस्तकात मात्र हे खाणं कंपनीनं आधीच लिहून दिलेलं असतं. पोर्शच्या ९११ च्या पुस्तकांत हजार किलोमीटरला दीड लिटरपर्यंतची मुभा असे. बीएमडब्ल्यूनं अमेरिकेतल्या डीलरांसाठी घातलेली मर्यादा साध्या इंजिनांना ७५० मैलांमागे एक क्वार्ट (लिटरहून किंचित कमी), आणि वेगवान गाड्या बनवणाऱ्या 'एम' विभागाच्या इंजिनांना हजार मैलांमागे अडीच क्वार्ट. या अडीच क्वार्टचा आपल्या मापात हिशोब केला तर तोही हजार किलोमीटरला दीड लिटरच्या आसपास येतो. डिपस्टिकवरच्या, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरच्या, वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एका लिटरचं अंतर असतं. म्हणजे पुण्याहून काठोकाठ ऑइल भरून निघालेली गाडी नागपूरला पोचेपर्यंत खालच्या खुणेवर येईल, आणि तरीही कंपनी म्हणेल, यात बिघाड काही नाही.

हे ऐकायला लबाडीचं वाटतं. थोडी लबाडी आहेही, कारण इतकी सैल मर्यादा वॉरंटीच्या भांडणात कंपनीच्या पथ्यावर पडते. पण मुळात गोष्ट खरी आहे. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगनं, म्हणजे घासून, मुद्दाम बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात, ऑइल धरून ठेवण्यासाठी. पिस्टन वर जाताना रिंगांखाली हा पातळ थर असावाच लागतो, आणि स्फोट झाला की त्यातलं थोडं जळतंच. मिनिटाला आठ हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात रिंगा आपल्या खाचेत थरथरतात आणि खालचं ऑइल वर येण्याच्या वाटा वाढतात. उरलेलं व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून झिरपतं, किंवा क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या पिस्टनखालच्या पोकळीतल्या, वाफेबरोबर जातं.

या वाफेचा इतिहास गमतीचा आहे. जुन्या गाड्यांत क्रँककेसमधली ऑइलमिश्रित वाफ एका नळीनं थेट खाली रस्त्यावर सोडलेली असे. त्या काळच्या रस्त्यांवर प्रत्येक लेनच्या मधोमध जो काळा पट्टा दिसायचा, त्यातला बराचसा हाच मळ. कॅलिफोर्नियातल्या धुरक्याचं कारण शोधताना या नळीकडेही बोट गेलं आणि १९६१ च्या मॉडेलपासून तिथल्या नव्या गाड्यांत ती वाफ पुन्हा इंजिनाच्या तोंडात फिरवणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. रस्ता वाचला. पण तेव्हापासून इंजिन स्वतःच्याच पोटातली वाफ पिऊ लागलं, आणि खाल्लेल्या ऑइलचा माग लागेनासा झाला. जमिनीवर डाग नाही, गळती नाही, पातळी मात्र खाली.

मग पातळी बघायची कशी? इथं ९११ चं उदाहरण घ्यायलाच हवं, कारण डॅशबोर्डवर ऑइलच्या पातळीचा काटा या गाडीत अगदी पहिल्यापासून, म्हणजे १९६४ पासून होता. त्याला कारणही तसंच. या इंजिनात ऑइल खालच्या चेंबरमध्ये साठत नाही. ते वेगळ्या टाकीत राहतं, एक पंप ते इंजिनात पाठवतो आणि दुसरा परत ओढून आणतो. याला ड्राय संप म्हणतात. वळणावर ऑइल एका बाजूला लोटलं जाऊन पंपाला हवा लागू नये, म्हणून ही व्यवस्था. पण त्यामुळे बंद गाडीत डिपस्टिक टाकून काही कळत नाही. इंजिन पुरतं तापलेलं, चालू, आयडलवर, गाडी सपाट जमिनीवर, असा सगळा योग जुळला की मगच वाचन खरं. काट्याचंही तसंच. भरधाव जाताना तो खाली शून्याकडे झुकायचा आणि नवा मालक घाबरून रस्त्याच्या कडेला थांबायचा. जुने मालक तिकडे बघतच नसत.

याच ९११ च्या १९७२ च्या मॉडेलचा किस्सा प्रसिद्ध आहे. वजनाचा तोल सुधारावा म्हणून इंजिनीयरांनी ऑइलची टाकी मागच्या उजव्या चाकाच्या पुढे आणली. ती भरण्यासाठी दाराच्या मागे, खिडकीच्या खाली, बाहेरून उघडणारं छोटंसं झाकण दिलं. दिसायला थेट पेट्रोलच्या झाकणासारखं! पंपावरच्या माणसांनी ते उघडून त्यात पेट्रोल भरायला सुरुवात केली. वर्षभरात टाकी मुकाट्यानं जुन्या जागी गेली आणि ते झाकणही गेलं. आज त्या एकाच वर्षाचं मॉडेल संग्राहक हौसेनं शोधतात.

बाकीच्या जगात तेव्हा पातळी बघण्याचं काम डिपस्टिक आणि फडकं एवढ्यावर भागत होतं. १९७६ च्या बीएमडब्ल्यू सिक्स सीरिजमध्ये 'चेक कंट्रोल' नावाची दिव्यांची पट्टी आली. निघण्यापूर्वी एक बटण दाबायचं, मग ब्रेक ऑइल, कूलंट, मागचे दिवे यांच्या बरोबरीनं इंजिन ऑइलची पातळीही ठीक आहे की नाही ते कळायचं. यात पातळीचा आकडा नव्हता, फक्त हो किंवा नाही. पुढे १९८० च्या दशकात रेनोसारख्या फ्रेंच कंपन्यांनी वेगळी युक्ती वापरली. डिपस्टिकमध्येच एक बारीक तार. चावी फिरवली की तिच्यातून क्षणभर वीज जाते आणि ती तापते. तारेचा जेवढा भाग ऑइलमध्ये बुडलेला, तेवढा थंड राहतो. तारेचा विद्युत रोध मोजला की पातळी कळली. इंजिन सुरू होण्याआधी, ऑइल खाली साचलेलं असतानाच हे वाचन होई.

मला वाटतं, खरा बदल सेन्सरमुळे झाला नाही, सर्व्हिसच्या अंतरामुळे झाला. पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं तेव्हा मधल्या काळात पातळी उतरली तरी मेकॅनिकच्या हाताला ती लागायची. १९९० च्या दशकाच्या शेवटी युरोपातल्या कंपन्या सिंथेटिक ऑइलच्या जोरावर हे अंतर पंचवीस-तीस हजारांकडे नेऊ लागल्या. मर्सिडीजची 'असिस्ट' ही सर्व्हिस कधी करायची ते सांगणारी व्यवस्था १९९७ ची. त्याच सुमाराच्या मर्सिडीजच्या नव्या व्ही-६ इंजिनात डिपस्टिकची नळी होती, पण तिच्यावर टोपण, आणि पट्टी वर्कशॉपमध्ये! मालकानं बॉनेट उघडायचं कारणच उरू नये, असा एकूण विचार.

त्याच वेळी दोन दबाव विरुद्ध दिशांनी येत होते. इंधन वाचवण्यासाठी रिंगांचा ताण कमी केला जात होता. रिंग सैल, घर्षण कमी, पण भिंतीवरचं ऑइल नीट खरवडलं जात नाही. दुसरीकडे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. झीज रोखण्यासाठी ऑइलमध्ये जे फॉस्फरस असलेलं द्रव्य घालतात, ते जळून धुरात गेलं की कन्व्हर्टरचा जीव घेतं. म्हणून पेट्रोल इंजिनांच्या ऑइलमध्ये फॉस्फरसवर मर्यादा आली. २००४ च्या आयएलएसएसी जीएफ-४ या इंजिन ऑइलच्या मानकात ती ०.०८ टक्के होती. म्हणजे ऑइल खाणं हा फक्त मालकाच्या खिशाचा प्रश्न राहिला नाही, तो धुराच्या कायद्याचाही झाला.

सेन्सरही मग हुशार झाले. औष्णिक सेन्सर चेंबरच्या तळाशी बसतो, स्वतःला थोडं तापवतो आणि थंड व्हायला किती वेळ लागला ते मोजतो. ऑइल जास्त असेल तर तो लवकर थंड होतो. नंतरच्या पिढीत अल्ट्रासाउंड आलं: खालून सोडलेली लहर ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून परत येते, तेवढा वेळ म्हणजे पातळी. हे दोन्ही प्रकार जर्मनीच्या हेला कंपनीनं मोठ्या प्रमाणावर बनवले. धावत्या गाडीत ऑइल सतत डुचमळतं, म्हणून एका वाचनावर भरवसा नाही. कंट्रोल युनिट तापमान, इंजिनाचे फेरे, वळणातला आणि ब्रेकमधला झोक हिशोबात धरून बऱ्याच वेळाची सरासरी काढतं.

याचा कळस म्हणजे २००७ ची बीएमडब्ल्यू एम३. चार लिटरचं व्ही-८, टर्बो नाही, ४२० पीएस, आणि ती ताकद मिळते ८,३०० फेऱ्यांना. ऑइल १०डब्ल्यू-६० या दर्जाचं, घट्ट आणि महाग, पोटात जवळपास नऊ लिटर. बॉनेट उघडा आणि डिपस्टिक शोधा. नाही सापडणार. इंडिकेटरच्या दांड्याच्या टोकाला एक बटण आहे, ते दाबत जायचं. डायलच्या मधल्या छोट्या पडद्यावर ऑइलच्या डब्याचं चित्र आणि त्याच्या शेजारी पट्टी येते. पट्टी खाली उतरली की एक लिटर घाला असा संदेश येतो. ऑइल बदलून गाडी नुकतीच बाहेर काढली असेल तर मात्र पट्टी येतच नाही, नुसत्या आडव्या रेघा. गाडी काही काळ चालवा, मग सांगतो. ज्या क्षणी माहिती सगळ्यात जास्त हवी, नेमक्या त्याच क्षणी पडदा गप्प. म्हणूनच या गाडीचे हौशी मालक डिकीत एक लिटरचा डबा ठेवतात, आणि ऑइल बदलताना किती घातलं ते स्वतः मोजून लिहून ठेवतात.

माझी तक्रार वेगळीच आहे. पडद्यावरची पट्टी 'आत्ता किती' ते सांगते. 'किती वेगानं कमी होतंय' ते सांगत नाही. दर रविवारी डिपस्टिक ओढून बघणाऱ्या माणसाला हा वेग आपोआप कळायचा. ऑडीच्या दोन लिटर टर्बो इंजिनाचं प्रकरण यातूनच चिघळलं. २००९ ते २०११ च्या ए४ मध्ये हे इंजिन होतं. गाडी नवी, पण थोड्या थोड्या अंतरावर 'ऑइल घाला'चा संदेश. दोष पिस्टन आणि रिंगांकडे निघाला, अमेरिकेत सामूहिक दावा झाला, तडजोड झाली. डिपस्टिकवर ऑइलचा रंगही दिसतो आणि वासही येतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात हा वास महत्त्वाचा. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर न जळलेलं पेट्रोल भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल जळतंय आणि पेट्रोल मिसळतंय, बेरीज तीच, म्हणून पातळीही तीच. अल्ट्रासाउंडला पृष्ठभाग दिसतो, त्याखाली काय आहे ते नाही.

काही गाड्या तर ऑइल मुद्दाम खातात. माझ्दाच्या रोटरी इंजिनात, १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून आरएक्स-८ पर्यंत, एक छोटा पंप थेंब थेंब ऑइल ज्वलनकक्षाकडे पाठवत राहतो. त्रिकोणी रोटरच्या टोकांवरचे सील त्यावरच जगतात. आरएक्स-८ नं ऑइल खाल्लं नाही तर काळजी करायची! टू-स्ट्रोक चेतकच्या टाकीत पेट्रोलमागे ऑइलचं माप ओतलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या नव्या मालकांना मात्र सांगावं लागायचं.

आणि मग फॉर्म्युला वन. २०१४ च्या नियमांनी इंधनाचा प्रवाह तासाला १०० किलोवर बांधला. ताकद हवी तर जाळायला आणखी काहीतरी हवं, आणि नियमात ऑइलला इंधन म्हणत नाहीत. क्रँककेसची वाफ तेव्हा इंजिनाच्या तोंडात जायचीच. त्या वाफेबरोबर योग्य द्रव्यं घातलेलं ऑइल गेलं की पात्रता फेरीत थोडा जास्त जोर मिळायचा. साठ वर्षं जो दोष होता, ती इथं युक्ती झाली. २०१७ मध्ये एफआयएनं, म्हणजे शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, हात घातला. इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीपासून येणाऱ्या नव्या इंजिनांना १०० किलोमीटरमागे ०.९ लिटरची मर्यादा घातली. मर्सिडीजनं आपलं नवं इंजिन त्याच्या आदल्या शर्यतीत, बेल्जियमला, बसवून टाकलं. २०१८ ला मर्यादा ०.६ वर आली आणि मुख्य टाकीतली ऑइलची पातळी सतत एफआयएच्या नोंदयंत्राला पाठवणं संघांना बंधनकारक झालं. रस्त्यावरच्या गाडीत मालकाच्या सोयीसाठी आलेला सेन्सर इथं पंचाच्या हातात गेला. २०२० पासून मर्यादा ०.३ लिटर. हजार किलोमीटरला तीन लिटर, म्हणजे जुन्या ९११ च्या पुस्तकात लिहिलं होतं त्याच्या अजूनही दुप्पट.