बायकोच्या नावावर एफडी केली की कर वाचतो?

"लग्न झालं ना? मग पैसे बायकोच्या नावावर एफडीत टाक, व्याजावर कर नाही." हा सल्ला आहेराबरोबरच मिळतो. पटण्यासारखाही वाटतो, कारण भारतात नवरा-बायकोचं संयुक्त रिटर्न नसतंच. दोघं वेगवेगळे करदाते.

दिलेल्या पैशावर कर नाही, हे खरं. पण नवऱ्याने 5 लाख दिले आणि 7 टक्क्यांनी वर्षाला 35,000 रुपये व्याज आलं, तर ते नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. बायकोने नवऱ्याला दिले तरी हाच नियम. मात्र त्या 35,000 ची तिने पुढे एफडी केली, तर त्यावरचं व्याज तिचं स्वतःचं. पगारातली बचत तर अर्थातच तिची.

पडताळायचं असेल तर आयटीआर-2 चा फॉर्म उघडा. जोडीदाराचं उत्पन्न मिळवून दाखवायला त्यात 'शेड्यूल एसपीआय' असा स्वतंत्र तक्ताच आहे.

गोव्याची गोष्ट निराळी. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्याखाली पती-पत्नीची संपत्ती सामाईक असेल, तर पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरतात. त्यामुळे पणजीच्या मावशीचा सल्ला पुण्यात जसाच्या तसा चालत नाही.