‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला आला कुठून? डोळ्यांच्या बाबतीत ‘थांबून बघू’ची पार्श्वभूमी

“मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू.” हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. एके काळी तो अगदी बरोबर होता. पुढे शस्त्रक्रिया बदलली आणि सल्ला तेवढा मागे राहिला. डोळ्यांबद्दल आपण जिथे जिथे ‘थांबून बघू’ म्हणतो, तिथे बहुतेक वेळा असंच झालेलं असतं.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. सुश्रुतसंहितेतल्या पद्धतीत गढूळ झालेलं भिंग बाहेर काढत नसत. शलाकेने ते नजरेच्या वाटेतून बाजूला सारत आणि डोळ्यातच राहू देत. फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये डोळ्याला छेद देऊन भिंग बाहेर काढलं. तेव्हा डोळा बधिर करायचं औषधही नव्हतं. कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर होतो हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये दाखवलं. या जुन्या शस्त्रक्रियेत भिंग कच्चं असलं की त्याचा चिकट भाग आत राहून जाई, डोळा सुजे आणि नजरेवर पुन्हा पापुद्रा धरे. पिकलेलं भिंग मात्र बरंचसं सुटं होऊन निघे. शिवाय नंतर +१० च्या आसपासचा जाडजूड चष्मा लावावा लागे. त्यामुळे दुसऱ्या डोळ्याने भागतंय तोवर थांबणंच शहाणपणाचं होतं.

हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात लढाऊ विमानांच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते आणि डोळ्यांनी ते सहन केले होते, हे त्यांनी पाहिलं होतं. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने भिंगाचा भुगा करून तो बारीक छेदातून ओढून घेण्याची पद्धत आणली आणि सगळा हिशेब उलटला. पिकलेलं भिंग कडक असतं, ते फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि त्याचा मार कॉर्नियाच्या (डोळ्यासमोरच्या पारदर्शक आवरणाच्या) आतल्या पेशींना बसतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फार पिकलेलं भिंग फुगून डोळ्याचा दाबही वाढवू शकतं. म्हणून आता भिंगाचा रंग बघत बसायचं नाही, आपली कामं कुठे अडतात ते बघायचं: रात्री समोरच्या गाडीचा उजेड फाकतो, वाचायला पूर्वीपेक्षा जास्त प्रकाश लागतो, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. साठीनंतर अचानक वाचायचा चष्मा लागेनासा झाला तर लोकांना आनंद होतो, पण अनेकदा ते भिंग घट्ट होत चालल्याचं लक्षण असतं.

मोतीबिंदू निदान बाहेरून दिसतो. त्यामागचं सगळं १८५१ पर्यंत अंधारात होतं. बाहुली काळी का दिसते? आत गेलेला प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो आणि त्या वाटेवर बघायला डोकं नेलं की दिव्याचा प्रकाशच अडतो. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी तिरप्या काचा धरून दिव्याचा उजेड डोळ्यात वळवला, त्याच काचांतून आरपार पाहिलं आणि जिवंत माणसाचा पडदा (डोळ्याच्या मागे चित्र उमटतं तो थर, रेटिना) दिसला. त्याआधी अशा अंधत्वाबद्दल म्हटलं जाई की यात रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही.

बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीचा छोटा तुकडा कापून काचबिंदूचा (डोळ्यातल्या दाबाशी जोडलेल्या, नजर कायमची घालवणाऱ्या आजाराचा) तीव्र झटका थोपवता येतो हे जाहीर केलं. आज त्याच तत्त्वावर लेझरने तिथे बारीक छिद्र पाडतात. हा झटका ओळखता यायलाच हवा: डोळा लाल, कमालीचा ठणका, धूसर नजर, दिव्यांभोवती रंगीत वलयं आणि त्यासोबत उलट्या. उलट्यांमुळे पित्त किंवा अर्धशिशी समजून गोळी घेऊन झोपलेल्या माणसाची नजर सकाळपर्यंत जाऊ शकते. त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

काचबिंदूचा नेहमीचा प्रकार मात्र दुखत नाही, आणि तो का कळत नाही हे एका कागदावर बघता येतं. डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंमीवर ठळक ठिपका. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद साधारण ३० सेंमीवर आणून थोडा मागेपुढे करा. एका जागी ठिपका नाहीसा होतो. तिथे भोक किंवा काळा डाग दिसत नाही, नुसता पांढरा कागद दिसतो. नेत्रतंतू (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) डोळ्याबाहेर पडतो त्या जागेचा हा आंधळा भाग एद्म मारियोत यांनी सतराव्या शतकातच दाखवला होता. काचबिंदूत नजरेच्या कडेला असेच भाग मरत जातात, मेंदू ते आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो, आणि उरलंसुरलं दुसरा डोळा सांभाळून घेतो. कळतं तोवर बरंच गेलेलं असतं आणि गेलेलं परत येत नाही. उपचार उरलेलं वाचवण्यासाठी असतो.

डोळ्यातला दाब मोजायचं सोयीचं यंत्र १९०५ मध्ये नॉर्वेच्या यालमार शोत्स यांनी केलं आणि १९५० च्या दशकात हान्स गोल्डमान यांच्या यंत्राने मोजमाप पक्कं झालं. पण एक घोटाळाही सुरू झाला. १० ते २१ मिमी पारा हा सर्वसाधारण पट्टा आहे, निरोगीपणाचा दाखला नाही. दाब २१ च्या आत असूनही काचबिंदू असलेले लोक पुष्कळ आहेत, आणि कॉर्निया पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. म्हणून चाळिशीनंतरच्या तपासणीत, आणि आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर त्याही आधीपासून, दाबासोबत नेत्रतंतू बघितला की नाही हे विचारून घ्यावं. शंका असेल तर नजरेच्या क्षेत्राची चाचणीही करतात.

पडदा सुटण्याची गोष्ट याहून हळहळ लावणारी आहे. रुग्णाला आठवडेच्या आठवडे निश्चल पडून राहायला सांगत, आणि बहुतेकांचा डोळा जाई. पडद्याला पडलेली चीर हेच मूळ कारण आहे आणि ती बंद केल्याशिवाय पडदा बसणार नाही, हे स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केलं. तेव्हापासून वेळेला किंमत आली. अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेला वीज चमकल्यासारखी, किंवा एका बाजूने सावली चढत येणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. नुसती चीर असेल तर भोवती लेझर देऊन काम भागू शकतं. सावली मधल्या नजरेपर्यंत पोचल्यावर शस्त्रक्रिया झाली तरी बारीक अक्षर पूर्वीसारखं दिसेलच असं नाही. −६ च्या पुढचा नंबर असणाऱ्यांना हा धोका जास्त असतो.

प्रकाशाने पडद्यावर उपचार करण्याची वाट जर्मनीच्या गेर्ड मायर-श्विकराट यांनी दाखवली. सूर्यग्रहण बघताना पडद्यावर पडलेल्या भाजल्याच्या खुणेवरून त्यांना हे सुचलं. पुढे मधुमेहींच्या पडद्यावर वेळीच दिलेल्या लेझरने तीव्र दृष्टिनाश निम्म्याहून कमी होतो हे १९७६ मध्ये एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून दिसलं. मधुमेहींनी नजर छान असतानाच दरवर्षी पडदा तपासावा हा आग्रह तिथून आला. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, तर तेही लांबवू नये.

हेर्मान स्नेलेन यांचा १८६२ चा अक्षरांचा तक्ता सगळ्यांच्या ओळखीचा. ६/१२ म्हणजे निरोगी डोळा १२ मीटरवरून वाचतो ते अक्षर तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. ६/६ चं अक्षर जेमतेम ९ मिमी उंच असतं. घरी तपासताना नेहमीचा चष्मा लावून एकेक डोळा तळहाताने झाकायचा. बोटांच्या फटीतून बघितलं जातं, आणि डोळा दाबला तर उघडल्यावर काही वेळ धूसर दिसतं. तक्ता फक्त मधली नजर मोजतो. पूर्ण ६/६ वाचणाऱ्याला काचबिंदू असू शकतो.

लहान मुलांत थांबण्याची किंमत वेगळीच. तिरळ्या मुलाचा चांगला डोळा झाकून आळशी डोळ्याला कामाला लावावं, हे फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्युफाँ यांनी १७४३ मध्येच सांगितलं होतं. ‘मोठेपणी सुटेल’ ही समजूत का धोक्याची, हे ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूसंशोधकांच्या १९६० च्या दशकातल्या मांजराच्या पिल्लांवरच्या कामातून उमगलं: लहानपणी एका डोळ्याला चित्र मिळालं नाही, तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा घेतो. मुलं तक्रार करत नाहीत, कारण त्यांना तुलनाच माहीत नसते. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर मात्र त्याच आठवड्यात दाखवावं.

डोळ्यात चुना, सिमेंट किंवा सफाईचं रसायन गेलं तर आधी पाणी, मग डॉक्टर. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने किमान १५ ते ३० मिनिटं धुवायचं. चुन्यासारखे अल्कलीयुक्त पदार्थ आत मुरतच जातात.

सगळ्यात अलीकडे बदललेला सल्ला पडद्याच्या मुख्य धमनीत गुठळी अडकण्याबद्दलचा आहे. वेदना नसताना एका डोळ्यासमोर काही क्षणांत अंधार होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्तपुरवठा थांबल्यावर सुमारे दीड तासानंतर पडद्याचं नुकसान सुरू झालं आणि चार तासांत ते मोठं, कायमचं झालं. आता हा पक्षाघाताचाच प्रकार मानतात. दुसऱ्या दिवशीची वेळ न घेता पक्षाघातावर उपचार होतात त्या रुग्णालयात थेट जायचं, दहा मिनिटांत पुन्हा दिसायला लागलं तरीही. पन्नाशीनंतर सोबत कानशिलाजवळ दुखणं, डोक्याची त्वचा हुळहुळणं किंवा चावताना जबडा दुखणं असेल, तर तेही तिथे न विसरता सांगायचं, कारण हे धमनीच्या दाहाचं लक्षण असू शकतं. त्या दाहावरचं स्टेरॉइड लगेच सुरू झालं नाही, तर काही दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो.