लिनक्स ब्राउझरांतील हार्डवेअर व्हिडिओ ॲक्सिलरेशन

वेबपानावरच्या व्हिडिओचे डीकोडिंग (दाबून लहान केलेला डेटा उलगडून चित्रे बनवणे) मुख्य प्रोसेसरवर न करता, ग्राफिक्स चिपमध्ये त्याच कामासाठी राखलेल्या विभागाकडून करून घेण्याची व्यवस्था. ती चालू असली की प्रोसेसर मोकळा राहतो, लॅपटॉप कमी तापतो आणि बॅटरी जास्त टिकते. विंडोज आणि मॅकओएसवरील ब्राउझरांत ही सोय फार आधी रुळली. लिनक्स डेस्कटॉपवर मात्र चिप तीच असूनही वापरकर्त्यांना बरीच वर्षे थांबावे लागले.

ब्राउझर चिपशी थेट बोलत नाही; मध्ये एक सामाईक इंटरफेस लागतो. लिनक्सवर असे दोन इंटरफेस पुढे आले : इंटेलचा व्हीए-एपीआय आणि एनव्हिडियाचा व्हीडीपीएयू. ब्राउझरांनी व्हीए-एपीआय स्वीकारला. इंटेलचे स्वतःचे ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) आणि एएमडीसाठी मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पातला ड्रायव्हर त्याला पाठिंबा देतात. एनव्हिडियाच्या मालकी ड्रायव्हरमध्ये तो नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी एका स्वतंत्र विकसकाने व्हीए-एपीआयच्या मागण्या एनव्हिडियाच्या एनव्हीडेक या डीकोडिंग विभागाकडे पोचवणारा दुवा-ड्रायव्हर लिहिला. तो मुख्यतः फायरफॉक्ससाठी आहे.

खरी अडचण डीकोडिंगच्या पुढची होती. ४के व्हिडिओची एक डीकोड झालेली फ्रेम सुमारे १२ मेगाबाइटची असते. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सुमारे ७५० मेगाबाइट होतात. हा डेटा ग्राफिक्स चिपकडून मुख्य मेमरीत आणून, रंगरूप बदलून, पुन्हा चित्रणासाठी चिपकडे धाडला तर वाचवलेले श्रम या वाहतुकीतच खर्ची पडतात. म्हणून फ्रेम आहे त्या जागी ठेवून केवळ तिचा हवाला पुढच्या टप्प्याला द्यावा लागतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २०१२ साली आलेली डीएमए-बफ ही यंत्रणा हेच करते. पण तिचा उपयोग करायचा तर ब्राउझरचे चित्रण ईजीएल या नव्या ग्राफिक्स दुव्यावर चालायला हवे, आणि पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या जुन्या एक्स११ पद्धतीत ते जीएलएक्स या जुन्या दुव्यावर चालत असे. एक्स११ ची जागा घेणाऱ्या वेलँडवर ही सोय आधी का आली, याचे उत्तर इथे आहे.

फायरफॉक्समध्ये हे काम पुढे नेण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीचे मार्टिन स्ट्रान्स्की यांचा वाटा मोठा आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत आलेल्या ७५ आणि ७६ या आवृत्त्यांत वेलँडवर, तर त्याच वर्षी ऑगस्टमधल्या ८० व्या आवृत्तीत एक्स११ वर ही सोय मिळाली, पण सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागे. इंटेलसाठी ती आपोआप चालू झाली जुलै २०२३ मध्ये, आवृत्ती ११५ पासून. एएमडीसाठी मार्च २०२५ मध्ये, आवृत्ती १३६ पासून.

क्रोमियमची, म्हणजे क्रोम ज्यावर बेतलेला आहे त्या मुक्त ब्राउझरची, गोष्ट अधिक खटकणारी आहे. गूगलची क्रोमओएस ही संगणकप्रणालीदेखील लिनक्सवरच उभी असल्याने व्हीए-एपीआयचा कोड क्रोमियममध्ये होताच, पण डेस्कटॉप लिनक्ससाठी तो बंद ठेवलेला असे. लिनक्सच्या वितरणांनी (तयार संचांनी), उदाहरणार्थ फेडोराने २०१८ मध्ये, पॅच (कोडमधली छोटी दुरुस्ती) लावून तो आपल्या पॅकेजांत चालू केला. जानेवारी २०२१ मधल्या ८८ व्या आवृत्तीपासून अधिकृत क्रोममध्येही फ्लॅग (सुरू करतानाची खास सूचना) देऊन तो वापरता येऊ लागला. त्यानंतर या फ्लॅगांची नावे बदलत गेली, त्यामुळे जुन्या लेखांतली कृती आज चालेलच असे नाही.

सगळे जुळूनही कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, आडवा येऊ शकतो. चिपला जो कोडेक कळतो तोच ती डीकोड करते. यूट्यूब बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ हे कोडेक पाठवते. इंटेलमध्ये एव्ही१ चे डीकोडिंग २०२० च्या टायगर लेक या चिपपिढीपासून आले. जुन्या यंत्रांवर यूट्यूबला एच.२६४ हा जुना कोडेक पाठवायला लावणारे एक्स्टेन्शन वापरले जाते, आणि तो उपाय आजही रास्त आहे. पेटंटचा प्रश्न वेगळाच. त्याच कारणाने फेडोराने २०२२ मध्ये आपल्या मेसा पॅकेजांतून एच.२६४ आणि एच.२६५ चा पाठिंबा काढला. तेव्हापासून एएमडीच्या वापरकर्त्यांना आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या भांडारातले पॅकेज घ्यावे लागते. वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या कुलूप-तंत्राने संरक्षित चित्रपट मात्र लिनक्सच्या डेस्कटॉप ब्राउझरांत सॉफ्टवेअरनेच डीकोड होतात. तिथे ड्रायव्हर बदलून काही साधत नाही.

व्यवस्था चालू आहे की नाही हे तपासताना आधी व्हीएइन्फो ही आज्ञा चालवून ड्रायव्हर कोणते कोडेक दाखवतो ते पाहावे. मग फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:सपोर्ट’ किंवा क्रोममध्ये ‘क्रोम://जीपीयू’ हे पान उघडावे. त्या पानावर ‘उपलब्ध’ दिसले तरी चालू व्हिडिओ चिपवरच डीकोड होतो आहे असे सिद्ध होत नाही. इंटेलवर इंटेल-जीपीयू-टॉप हे साधन यासाठी अधिक भरवशाचे आहे : व्हिडिओ चालू असताना त्यातली ‘व्हिडिओ’ ही ओळ शून्यावरच राहिली, तर डीकोडिंग प्रोसेसरवर चालले आहे.