हेडफोनचा ॲम्प्लिफायर: वेगळा का झाला आणि स्वस्त कसा झाला

हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा का, हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी सहसा कुणाला पडत नसे. ॲम्प्लिफायर तेव्हाही लागायचाच, पण तो घरात आधीपासून असायचा, स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरच्या, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेल्या यंत्राच्या, पोटात. रिसीव्हरच्या दर्शनी बाजूला हेडफोनचं जाड सॉकेट असे आणि त्यामागे बहुतेक वेळा हेडफोनसाठी वेगळं सर्किट नसे. स्पीकरकडे निघालेला सिग्नलच काहीशे ओहमच्या एका रोधकातून त्या सॉकेटपर्यंत आणून सोडलेला असे. रोधकाची किंमत नगण्य, आणि काम भागत होतं. ते का भागत होतं आणि पुढे का भागेनासं झालं, हे कळलं की आज कोणता ॲम्प घ्यावा हे ठरवणं बरंच सोपं जातं.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात. रेडिओच्या सुरुवातीच्या दिवसांत हेडफोन वापरात आले ते मुळात ॲम्प्लिफायर नव्हता म्हणून. अमेरिकेत युटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० मध्ये अमेरिकन नौदलाला हेडफोन पाठवले, ते क्षीण सिग्नलवरही ऐकू येत म्हणून नौदलाने ते उचलून धरले. १९३७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचा डीटी ४८ आला आणि कॉइल-पडद्याची, म्हणजे डायनॅमिक रचना हेडफोनमध्ये रुजली. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी एसपी/३ हा स्टिरिओ हेडफोन आणला, तेव्हापासून घरात बसून हेडफोनवर संगीत ऐकणं हा एक स्वतंत्र शौक झाला.

खरी मेख आहे ती इम्पीडन्समध्ये, म्हणजे हेडफोन विजेच्या प्रवाहाला किती विरोध करतो त्यात. तो ओहममध्ये मोजतात, आणि आकडा जितका लहान तितका जास्त करंट ॲम्पला पुरवावा लागतो. १९६८ साली आलेला सेनहायझरचा एचडी ४१४, पिवळ्या स्पंजचा तो प्रसिद्ध हेडफोन, २००० ओहमचा होता. स्टुडिओत वापरला जाणारा एकेजीचा के२४० बराच काळ ६०० ओहमचा होता, आणि बायरचे काही हेडफोन आजही ६०० ओहमचे मिळतात. एवढा मोठा आकडा कशासाठी? स्टुडिओचं गणित मांडून बघा. एका ॲम्पवर सहा वादक बसलेत, प्रत्येकाच्या कानावर ६०० ओहमचा हेडफोन. सहाही समांतर जोडले तरी ॲम्पला एकूण भार दिसतो १०० ओहमचा, तो आरामात झेपतो. त्याच जागी ३२ ओहमचे सहा हेडफोन लावले तर भार सव्वापाच ओहमवर येतो. मग तो हेडफोनचा ॲम्प राहत नाही, त्याला स्पीकरच चालवावा लागल्यासारखं होतं. शिवाय जास्त ओहमची कॉइल बारीक तारेची आणि हलकी करता येते. रिसीव्हरमधल्या रोधकाचंही या हेडफोनांना काही वाटत नसे. वाटेत ३०० ओहम असले तरी २००० ओहमच्या हेडफोनच्या वाट्याला जवळजवळ सगळं व्होल्टेज येतंच.

जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये विकायला आणलेला एसआर-१ मात्र या सगळ्यापेक्षा वेगळा. तो इलेक्ट्रोस्टॅटिक होता, त्याच्या पडद्याला शेकडो व्होल्टचा विद्युतदाब सतत लागायचा, म्हणून त्याच्याबरोबर त्याची खास पेटी घ्यावीच लागे. पण ती वाट महाग होती आणि आजही आहे, म्हणून ती इथेच सोडतो.

मग १ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन आला. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो आखातातून आलेल्या कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून पोहोचला. दोन पेन्सिल सेल म्हणजे ३ व्होल्ट, त्यातही मोटर फिरवायची. एवढ्यात ६०० ओहमच्या हेडफोनला पुरेसं व्होल्टेज मिळणं शक्यच नव्हतं. उपाय एकच होता: हेडफोनच कमी ओहमचा करायचा, म्हणजे थोड्या व्होल्टेजवर जास्त करंट ओढून तो मोठ्याने वाजेल. ३२ ओहमच्या आसपासचे हलके हेडफोन तिथून सर्वत्र पसरले आणि एका वस्तूच्या दोन शाखा झाल्या. घरातल्या आणि स्टुडिओतल्या हेडफोनला व्होल्टेज हवं, खिशातल्या यंत्राच्या हेडफोनला करंट. दोन्हींचा प्लगही सारखाच, फक्त जाड-बारीक एवढाच फरक. एकाचा दुसऱ्यात लावला तर लागतो, वाजतोही, पण नीट वाजत नाही. आजच्या खरेदीतला बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या वीस वर्षांत रिसीव्हर घरातून कमी होत गेले. सीडी प्लेअर, मग संगणक, मग फोन आले. चांगले हेडफोन मात्र आपल्या जुन्या शाखेवर टिकून राहिले. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ मध्ये आला आणि आजही मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्डिंगमधले वेगवेगळे आवाज एकमेकांशी जुळवण्याचं काम, करणाऱ्यांच्या टेबलावर दिसतो. तो ३०० ओहमचा आहे आणि कंपनीच्या आकड्यानुसार १ व्होल्टला ९७ डेसिबल आवाज देतो. ख्यालाची एखादी जुनी मैफल ऐकायला घ्या. ध्वनिमुद्रणाची पातळी मुळातच खालची, आलाप हलका, आणि मग तबल्याची थाप पडते. ती थाप न चेपता यायची तर क्षणभर ११० डेसिबलपर्यंत जागा हवी. ९७ पासून ११० म्हणजे १३ डेसिबल वर, त्याला साधारण साडेचार व्होल्ट लागतात. करंट मात्र जेमतेम १५ मिलिअँपिअर, आणि शक्ती वॉटचा पंधरावा भाग. फोनला हेडफोन जोडून देणाऱ्या छोट्या वायरीतून, म्हणजे डोंगलमधून, साधारण १ व्होल्टच मिळतो. उलट कानात घालायचा, १६ ओहमचा आणि १ मिलिवॉटला ११० डेसिबल देणारा इअरफोन तेवढ्याच आवाजासाठी ०.१३ व्होल्टवर समाधानी असतो. डब्यावर 'इतके वॉट' असं लिहिलेलं असतं, त्यापेक्षा हा व्होल्टचा हिशोब कितीतरी उपयोगाचा आहे.

ही दरी भरून काढायला प्रथम पुढे आले ते छोटे उत्पादक आणि हौशी लोक. १९९२ मध्ये टिल हर्टसन्स यांनी अमेरिकेत माँटाना राज्यातल्या बोझमन गावी हेडरूम ही कंपनी काढली आणि हेडफोनसाठीच बनवलेले ॲम्प विकायला सुरुवात केली. मग १९९० च्या दशकाच्या शेवटी चू मॉय यांनी एक साधं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं, ते सीमॉय या नावाने जगभर पसरलं. सिग्नल मोठा करणारी एक ऑप-ॲम्प चिप, ९ व्होल्टची एक बॅटरी, दोन रोधक आणि दोन कपॅसिटर लावून त्या बॅटरीचे केलेले अधिक-उणे साडेचार व्होल्ट, आवाज कमी-जास्त करायचा एक पॉट, म्हणजे फिरवायचं बटण, आणि हे सगळं पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत. मूळ आराखड्यात सिग्नल ११ पटींनी वाढे. आज पाहिलं तर त्यातल्या उणिवा लगेच दिसतात: बॅटरी उतरत गेली की थापेची टोकं कापली जातात, आणि कमी ओहमच्या हेडफोनला ती चिप करंट पुरवू शकत नाही. पण घरबसल्या सोल्डरिंग करून चांगला आवाज मिळवता येतो हे त्याने दाखवून दिलं, आणि माझ्या लेखी त्याचं मोल त्यातच आहे. सुटे भाग मिळण्याची आपल्याकडे कधीच अडचण नव्हती. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात गेलं की एनई५५३२ सारखी चिप चहाच्या किमतीच्या आसपास मिळते, आणि ही चिप कितीतरी स्टुडिओ मिक्सरमध्ये बसलेली आहे.

यानंतरचं वळण सर्वांत महत्त्वाचं. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ऑब्जेक्टिव्ह२, म्हणजेच ओ२, हा ॲम्प संपूर्ण आराखड्यासह जाहीर केला. सर्किट, सुट्या भागांची यादी, आणि मोजणीचे सगळे आकडे. भागांचा खर्च तीसेक डॉलर. त्याचं म्हणणं सोपं होतं: ॲम्पचं काम सिग्नल जसाच्या तसा मोठा करणं एवढंच आहे, आणि ते तो करतो की नाही हे यंत्राने मोजता येतं. मग शेकडो डॉलरचे ॲम्प मोजणीला का बसत नाहीत, असा त्याचा सवाल होता. ओ२ मध्ये कुठलाही महागडा भाग नाही. शेवटच्या टप्प्यात एनजेएम४५५६ ही साधी पण करंट द्यायला तगडी चिप, दोन भाग समांतर जोडलेले. आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे ॲम्पच्या सॉकेटमागे असलेला त्याचा स्वतःचा विरोध, सुमारे अर्धा ओहम. घरच्या विजेवर अडॅप्टर लावून चालवला तर ३०० ओहमच्या हेडफोनला ७ व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणजे वरच्या मैफलीला लागतात त्याहून बरेच जास्त. बॅटऱ्या उतरल्या की हेडफोनला धक्का न लागता विजेच्या अधिक-उणे दोन्ही बाजू एकदम बंद करणारी सोयही त्यात होती, आणि ती मला त्याच्या काळजीपूर्वक विचाराची खूण वाटते. २०१२ मध्ये ओडॅक हा जोडीचा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा ॲनलॉग सिग्नल करणारं यंत्र, आला, आणि त्याच वर्षी त्याचं लिखाण थांबलं ते कायमचं. तो कोण होता हे उघड झालं नाही. आराखडा मात्र खुला होता, त्यामुळे जेडीएस लॅब्जसारख्या छोट्या कंपन्या तो बनवून विकत राहिल्या.

त्यानंतर किमती वेगाने खाली आल्या. चीनमधल्या ग्वांगझूची फियो २००७ पासून खिशात मावणारे स्वस्त ॲम्प बनवत होतीच. कॅलिफोर्नियाच्या शीट ऑडिओने डिसेंबर २०१२ मध्ये मॅग्नी ९९ डॉलरला आणला, तेव्हाच्या दराने साडेपाच हजारांच्या आत-बाहेर. जेडीएसने २०१८ मध्ये ॲटम आणला, तोही ९९ डॉलरलाच. त्याआधी २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं सॉकेटच काढून टाकलं आणि ९ डॉलरचं डोंगल हातात दिलं. त्या बोटभर वायरीत डॅक आणि ॲम्प दोन्ही होते, आणि कमी ओहमच्या इअरफोनसाठी ते खरोखर पुरेसे होते. युरोपात मात्र श्रवणाच्या सुरक्षिततेसाठी सोबत बाळगायच्या संगीत यंत्रांच्या आवाजाला मानकांनी मर्यादा घातलेली आहे. अशा मर्यादेत बसवलेलं यंत्र ३०० ओहमच्या हेडफोनवर आणखीच दुबळं पडतं.

आता निवडीबद्दल. पहिली गोष्ट आउटपुट इम्पीडन्स. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या मानकात हेडफोनच्या सॉकेटसाठी १२० ओहमचा आकडा होता, तो रिसीव्हरच्या काळाला धरून होता. तसल्या सॉकेटला ३२ ओहमचा हेडफोन लावला तर व्होल्टेजचा पाचवा हिस्साच त्याच्यापर्यंत पोहोचतो. त्याहून वाईट म्हणजे हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६०० चा तो खर्जाकडे पाचशेच्या आसपास चढतो, म्हणून १२० ओहममागे खर्ज सुमारे एका डेसिबलने फुगतो. काहींना तो गोड वाटतो. मिक्स करणाऱ्याला मात्र तो फसवतो, कारण मग तो डग्गा कमी करून ठेवतो आणि दुसऱ्या घरी गाणं पोकळ वाजतं. म्हणून हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शापेक्षा ॲम्पचा आकडा कमी असावा हा ओ२ च्या काळात रुळलेला ठोकताळा मी पाळतो. ३२ ला चार, ३०० ला सदतीस. आजचे बहुतेक स्वस्त डेस्कटॉप ॲम्प दोन ओहमच्या आत असतात, तेव्हा इथे जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट गेनचं बटण, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पटींनी वाढवेल ते ठरवणारं बटण. संवेदनशील इअरफोनवर मोठा गेन ठेवला की गाणं थांबल्यावर मागची खरखर ऐकू येते आणि पॉट जरासा फिरवताच आवाज अंगावर येतो. कमी गेनची सोय नसलेला ॲम्प कितीही ताकदवान असला तरी इअरफोनवाल्याने घेऊ नये.

घरच्या स्टुडिओत आधी आपल्या ऑडिओ इंटरफेसचं, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचं, हेडफोन सॉकेट किती व्होल्ट देतं ते तपासावं. यूएसबीवर चालणाऱ्या लहान इंटरफेसमध्ये ते अनेकदा तोकडं असतं, आणि तेवढ्यासाठी नवा इंटरफेस घेण्यापेक्षा त्याच्या लाइन आउटला एक साधा ॲम्प जोडणं स्वस्त पडतं. गायक, हार्मोनियमवाला आणि तबलजी एकाच वेळी ऐकणार असतील तर बेरिंगरच्या एचए४०० सारखा चार सॉकेटचा छोटा वाटप ॲम्प आवाजापुरता पुरतो, पण त्यावर मिक्सिंगचे निर्णय घेऊ नयेत. माइकसमोर बसणाऱ्यांना ८० ओहमच्या आसपासचे बंद कपांचे हेडफोन द्यावेत, म्हणजे साथीचा आवाज माइकमध्ये झिरपत नाही. ३०० ओहमचा उघडा हेडफोन आणि चांगला ॲम्प रेकॉर्डिंग संपल्यावर मिक्स करणाऱ्याच्या टेबलावर ठेवावा.